सिओभान नव्हे, शिव्हॉन: अवघड इंग्लिश उच्चारांचं काय करायचं

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतनं एका वाचकाचं पत्र आलंय. फौंड्रीच्या एक्स्पोर्ट विभागात आहे, नाव छापू नका म्हणतोय. पत्र मोठं आहे, थोडक्यात देतो.

"सर, मी मराठी मिडीयमचा, मेकॅनिकल डिप्लोमा. इंग्लिश वाचता येतं, मेल नीट लिहितो. पण आता इंग्लंडच्या कस्टमरबरोबर दर आठवड्याला व्हिडिओ कॉल असतो. मागच्या कॉलला तिथल्या परचेसच्या मॅडमना मी 'सिओभान' म्हणालो आणि त्यांच्या गावाला 'वॉर्सेस्टर'. त्या काही बोलल्या नाहीत, पण आपल्याच ऑफिसातली पोरं तोंड दाबून हसली आणि तेव्हापासनं मला सिओभान म्हणूनच हाक मारतात. आता कॉलला मी तोंडच उघडत नाही. मी एक वही केलीय, त्यात अवघड इंग्लिश शब्द अर्थासकट लिहितो आणि मेलमध्ये वापरतो पण. उच्चाराला काही नियम आहे का, का सगळं पाठच करायचं? ॲक्सेंट बदलायला क्लास लावू का? ता. क. पुतणी पाचवीत आहे, तिला स्पेलिंग बी स्पर्धेला बसवू का?"

भावा, तू ते नाव चुकीचं म्हणालास कारण ते तू फक्त मेलमध्ये वाचलेलं होतंस, कधी कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतंस. एवढंच झालंय. जो माणूस वाचून वाचून इंग्लिश शिकला तो अशा ठिकाणी अडकणारच, आणि वाचून शिकणं ही लाजायची गोष्ट नाही, उलट त्याला जास्त कष्ट पडतात. हसणाऱ्या पोरांनी ते नाव आधी कुठंतरी ऐकलं असेल, त्यापलीकडं त्यांच्यात आणि तुझ्यात काही फरक नाही. तेव्हा पुढच्या कॉलला तोंड उघडायचं, हे आधी ठरव, मग बाकीचं.

आता तुझा मुख्य प्रश्न, नियम आहे का. मला इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय ती अशी की आपल्या माणसांनी जे इंग्लिश शब्द कानानं घेतले ते जवळजवळ बरोबर आलेत आणि जे डोळ्यानं घेतले ते चुकलेत. बघ की, एसटीच्या डेपोला कुणीही, अगदी शाळेत न गेलेली म्हातारीसुद्धा, डेपोच म्हणते. स्पेलिंगात शेवटी टी आहे पण 'डेपॉट' म्हणणारा माणूस मी तरी बघितला नाही. उद्यमनगरात कुठल्याही शेडमध्ये जा, गेजला गेजच म्हणतात, स्पेलिंग जी-ए-यू-जी-ई आहे, वाचून म्हणायला गेलास तर 'गॉज' होईल. रेसिपीचं 'रेसाइप' कुणी करत नाही, न्यूमोनियातला सुरुवातीचा पी कुणी म्हणत नाही कारण तो शब्द डॉक्टरच्या तोंडून आला. आणि सगळ्यात भारी उदाहरण कर्नल. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत, जिथं घरटी फौजी माणूस सापडतो, तिथल्या कुणालाही विचार, कर्नल आणि लेफ्टनंट दोन्ही शब्द फर्स्टक्लास म्हणतील. आता कर्नलचं स्पेलिंग लिहून बघ, सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल, त्यात र कुठंच नाही! झालं असं की सोळाव्या शतकात हा शब्द इंग्लिशमध्ये आला तो फ्रेंचमधनं 'कोरोनेल' असा, र घेऊन. मूळ इटालियन शब्दात मात्र ल होता, म्हणून पुढं लिहिताना लोकांनी ल धरला आणि बोलताना र तसाच ठेवला. दोन्ही टिकलं. फौजेतल्या माणसाला हा इतिहास माहीत असायची गरजच पडली नाही, त्यानं परेडला ऐकलं आणि तसंच म्हटलं.

याच्या उलट प्लंबर बघ. त्यातला बी मुक्का आहे, इंग्रज माणूस 'प्लमर' म्हणतो, आपण पाटीवर वाचून प्लंबर केलं. एनसीसीतला शेवटचा सी म्हणजे कोअर, स्पेलिंगात पी आणि एस आहेत पण दोन्ही मुके. कितीतरी पोरं कॅडेट 'कॉर्प्स' म्हणतात, आणि कॉर्प्स म्हणजे प्रेत, त्याच्या स्पेलिंगला शेवटी ई असतो. क्रिकेटमध्ये पण हेच. फाफ डू प्लेसीला आपले पेपर वर्षानुवर्षं 'डू प्लेसिस' छापत आले आणि टीव्हीवर कॉमेंट्रीवाले प्लेसी म्हणत राहिले, ज्यानं मॅच ऐकली त्याला बरोबर आलं.

म्हणून पाठांतर नको, आधी ऐकायचं. तरीपण स्पेलिंग एवढं वाकडं का असतं हे थोडं कळलं की राग कमी होतो, म्हणून सांगतो. कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये छापखाना काढला १४७६ साली. त्याच्या आधीपासनं आणि नंतरही, साधारण १४०० ते १७०० च्या दरम्यान, इंग्लिशचे स्वर बदलत होते. छपाईमुळं स्पेलिंग गोठत गेलं आणि तोंडातला उच्चार पुढं निघून गेला. नाइफ आणि नाइटमधला के एकेकाळी खरंच म्हणायचे. त्यात भर म्हणून पंडित लोकांनी काही अक्षरं मुद्दाम घातली. डेट म्हणजे कर्ज, हा शब्द फ्रेंचमधनं आला तेव्हा त्यात बी नव्हताच, लॅटिन 'डेबिटम'शी नातं दिसावं म्हणून नंतर घुसवला. डाउटमधला बी तसाच, रिसीटमधला पी तसाच. ही अक्षरं फक्त दाखवायला आहेत, त्यांना तोंडात घेऊ नकोस.

आणि आपली मराठी पण काय सगळी लिहिल्यासारखी नाही हां. चहातला च आणि चाकातला च आपण वेगळा म्हणतो आणि लिहितो मात्र एकच. बाहेरच्या माणसाला हे कुठं लिहिलेलं सापडणार, त्यानं ऐकूनच शिकायचं.

तरी पण एक चावी देतो, ती लई उपयोगी आहे. शब्द कुठल्या घरातला आहे ते विचारायचं. सी-एच हे जोडाक्षर घे. शब्द जुना इंग्लिश असेल तर च, चाइल्ड, चीज, चर्च. ग्रीक असेल तर क, म्हणून केऑस, आर्काइव्ह, आर्किटेक्ट, क्लोई हे नाव, आणि तो सध्या सगळीकडं दिसणारा पेट्रिकोर, वळवाच्या पावसाचा मातीचा वास. (हा शब्द जुना वाटतो पण १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी, ग्रीक शब्द जोडून तयार केला, पेट्रा म्हणजे दगड आणि आयकोर म्हणजे देवांच्या अंगातनं वाहणारं रक्तासारखं द्रव्य.) आणि फ्रेंच असेल तर श, शेफ, मशीन, शॉफर. तुझ्या कामाचा शब्द म्हणजे चेसी, गाडीचा सांगाडा, कुणी चासीस म्हणतं, तो शब्द फ्रेंच आहे, म्हणून इंग्लंडवाला 'शॅसी' म्हणणार आणि शेवटचा एस मुका. कॉलवर तो शॅसी शॅसी म्हणायला लागला तर घाबरू नको, तुझीच चेसी आहे ती. बंदरातल्या धक्क्याला ते 'की' म्हणतात, क्यू-यू-ए-वाय, शिपमेंटच्या मेलमध्ये येईल तेव्हा 'क्वे' करू नकोस.

ग्रीकची अजून एक खोड, शेवटचा ई बोलतो. एपिटमी, हायपर्बली, कटॅस्ट्रफी. फीबी, पेनेलपी, हर्मायनी ही नावं त्याच घरातली. 'एपिटोम' आणि 'हायपरबोल' मोठमोठ्या हुद्द्यावरची माणसं म्हणताना ऐकलीयत, तेव्हा तू एकटा नाहीस.

आता गावांची नावं. वॉर्सेस्टर नाही, वूस्टर. २००६ साली आपला झहीर खान ज्या काउंटीकडून खेळला ती वूस्टरशर. रोमन लोकांच्या लष्करी तळाला लॅटिनमध्ये 'कास्ट्रा' म्हणायचे, तिथं पुढं गावं वसली आणि नावाच्या शेवटी कुठं चेस्टर, कुठं कास्टर, कुठं सेस्टर चिकटलं. मँचेस्टर, लँकास्टर ही सरळ म्हणायची. पण स्पेलिंगात सी-ई-एस-टी-ई-आर असलं की बऱ्याचदा मधलं सगळं गिळून 'स्टर' उरतं, म्हणजे लेस्टर, ग्लॉस्टर, वूस्टर, बिस्टर. सायरन्सेस्टर मात्र पूर्ण म्हणतात, म्हणजे नियमावर आंधळा विश्वास नको. ग्रेनिच आणि नॉरिचमधला डब्ल्यू मुका, वॉरिकमधला पण. बर्मिंगम म्हणताना 'हॅम' नको, पण अमेरिकेतल्या अलाबामात त्याच नावाचं शहर आहे तिथं हॅम चालतं. एडिनबराला शेवटी 'बर्ग' नाही, पिट्सबर्गला आहे. डार्बी इंग्लंडमध्ये, तेच स्पेलिंग अमेरिकेत डर्बी. रेडिंग हे शहर वाचनासारखं दिसतं पण 'रीडिंग' नाही. कस्टमरचा पत्ता बघून ते गाव एकदा ऐकून घ्यायचं, संपलं, जगातली सगळी गावं कशाला पाहिजेत.

नावं आपल्याकडं आली की आपली होतात हेही लक्षात ठेव. सांगलीचा आयर्विन पूल लॉर्ड अर्विनच्या नावाचा, १९२९ चा. इंग्रज त्याला अर्विनच म्हणायचा. पण पावसाळ्यात "आयर्विनला पाणी किती फुटावर आलं" असंच आपण विचारणार आणि तेच बरोबर, आता ते सांगलीतलं नाव आहे. कॉलवर कुणी मिस्टर अर्विन भेटला तर मात्र तो अर्विन.

माणसांच्या नावाचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण गावाला काही वाटत नाही, माणसाला वाटतं. बाहेरचा पाहुणा आपल्या रंकाळा तलावाला 'रंकाला' म्हणाला की आपल्याला कसं होतं? त्याला ळ येत नाही हे कळतं, पण त्यानं एकदा थांबून "नीट सांगा की, कसं म्हणायचं" असं विचारलं की तो लगेच आपला वाटायला लागतो. तेच त्या मॅडमचं. शिव्हॉन हे आयरिश नाव आहे, इंग्लिश नव्हेच, त्यामुळं इंग्लिशचे नियम लावून ते वाचताच येत नाही, कित्येक इंग्रजांनाही येत नाही. जुन्या आयरिश वर्णमालेत अठराच अक्षरं आणि त्यात व्ही नाही. मग तो आवाज लिहायला ते बी ला एच जोडतात, किंवा एम ला एच. आपण व्हॅन लिहिताना व ला ह जोडला, त्यांनी ब ला ह जोडला, गरज एकच. एस च्या पुढं आय किंवा ई आला की तो श होतो, म्हणून शिव्हॉन, म्हणून शॉन. एम-एच वालं नाव नीव्ह, स्पेलिंग एन-आय-ए-एम-एच, अर्थ तेजस्वी. सर्शा म्हणजे स्वातंत्र्य, तिला काहीजण सीर्शा म्हणतात, दोन्ही चालतं, ती स्वतः काय म्हणते ते बघायचं.

हेच शेवटचं वाक्य सगळ्या नावांना लागू. स्टीव्हनचं स्पेलिंग पी-एच घालून असतं, चेन्नईचा कोच फ्लेमिंग स्टीव्हन आहे, आपण त्याला स्टीफन करून ठेवलाय. पण अगदी त्याच स्पेलिंगचा अमेरिकन बास्केटबॉलपटू करी हा स्टेफन आहे. मग नियम काय करणार? मालक सांगेल ते नाव. नवीन माणूस कॉलवर आला की सरळ विचार, "आय वॉन्ट टु गेट युवर नेम राइट, हाउ डू यू से इट?" बस. यात कमीपणा काही नाही, तिकडं हे सभ्यपणाचं धरतात. आणि विचारायच्या आधीच पाहिजे असेल तर लिंक्डइनवर त्या माणसाचं प्रोफाइल उघड, काहीजणांच्या नावापुढं स्पीकरचं चिन्ह असतं, त्यानं स्वतःच्या आवाजात नाव म्हणून ठेवलेलं असतं. शिव्हॉन मॅडमना पुढच्या वेळी कॉलच्या सुरुवातीला सरळ शिव्हॉन म्हण आणि कामाला लाग. लांबलचक माफी नको, फार तर "मागच्या वेळी तुमचं नाव चुकलं, सॉरी" एवढं एक वाक्य.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. तुझं बोलणं समोरच्याला कळत नसेल तर ते बहुतेक अवघड शब्दांमुळं नसतंय, रोजच्या सोप्या शब्दांवर जोर चुकीच्या जागी पडल्यामुळं असतंय. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं म्हणतो. इंग्लिशमध्ये एका अक्षरावर ठोका मारतात आणि बाकीची जवळजवळ खाऊन टाकतात. फोटोग्राफला ठोका फो वर, पण फोटोग्राफर म्हणताना तो सरकून टॉ वर येतो, 'फटॉग्रफर'. तुझ्या धंद्यातले शब्द घे. आपण 'कॉम्पोनंट' म्हणतो, कॉम वर जोर देऊन, ते 'कंपोऽनंट' म्हणतात, जोर पो वर. डेव्हलप नाही, 'डिव्हेऽलप'. फौंड्रीतला क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, आपण पो वर रेटतो, त्यांचा ठोका सुरुवातीला, 'क्यूऽपला'. धातूची ओतलेली वीट, ती इंगॉट नाही, 'इंगट'. आणि मायक्रोमीटर! हातात धरून माप घ्यायचं जे उपकरण आहे ते 'मायक्रॉऽमिटर', ठोका क्रॉ वर. मिलिमीटरचा हजारावा भाग ते मात्र 'माऽयक्रोमीटर'. दोन वेगळे शब्द आहेत, आणि तू टॉलरन्सवर, म्हणजे मापात किती फरक चालेल यावर, बोलत असताना समोरच्याला एकाच्या जागी दुसरा ऐकू आला तर बोलण्याचा घोळ होऊ शकतो. यावर वेळ घाल, हे महिन्याभरात जमतं आणि फरक लगेच दिसतो.

काही शब्द तर ठोका बदलला की नामाचे क्रियापद होतात. रे वर जोर असलेला रेकॉर्ड म्हणजे नोंद, आणि 'रिकॉऽर्ड' म्हणजे नोंद करणं. प्रेझंट, ऑब्जेक्ट तसंच.

दुसरी गोष्ट व आणि व्ह. आपला व दोघांच्या मधे कुठंतरी असतो. व्हिक्टर, व्हॉल्व्ह, इन्व्हॉइस म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, आणि विल्यम, वॉटर, वीक म्हणताना दात लावायचेच नाहीत, ओठ गोल करायचे. आरशासमोर करून बघ.

ॲक्सेंटचा क्लास मात्र लावू नकोस. पैसे जातील आणि तू स्वतःचा आवाज सोडून उसना आवाज काढायला लागशील. स्कॉटलंडचा माणूस, टेक्सासचा माणूस, सगळे आपापल्या वळणानं बोलतात, तू कोल्हापूरच्या वळणानं बोल. शब्दाचा उच्चार आणि बोलण्याचं वळण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली सुधारायची, दुसरी आहे तशी राहू दे. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड दोघांच्या डिक्शनऱ्या ऑनलाइन आहेत, शब्दाशेजारी स्पीकरची दोन बटणं असतात, एक ब्रिटिश एक अमेरिकन. तुझे कस्टमर इंग्लंडचे, तर ब्रिटिश दाब, म्हणजे शेड्यूल, 'स्केड्यूल' नको, आणि लेफ्टनंट, 'लूटेनंट' नको. उच्चाराच्या चिन्हांमध्ये एक छोटी उभी रेघ वरच्या बाजूला दिसेल, तिच्या पुढच्या अक्षरावर ठोका. बाकीची चिन्हं कळली नाहीत तरी चालतील, ती रेघ तेवढी बघ. आणि युग्लिश नावाची साईट आहे, त्यात शब्द टाकला की खरी माणसं तो शब्द बोलताना यूट्यूबच्या तुकड्यांमधनं एकामागोमाग एक ऐकू येतात. ऐकायचं, मोठ्यानं म्हणायचं, परत ऐकायचं.

तुझ्या वहीबद्दल. वही छान आहे, बंद करू नकोस, पण मेलमध्ये ते शब्द घालणं बंद कर. २०१७ मध्ये शशी थरूर यांच्या एका ट्विटनं 'फराऽगो' शब्द देशभर केला, लोक डिक्शनरी उघडून बसले. तो शब्द मला पण आवडतो, कारण लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ जनावरांची मिश्र वैरण, चार प्रकारचा चारा एकत्र केलेला, त्यावरनं मग कशाचाही घोळ किंवा खिचडी. गोठा असलेल्या घरातला माणूस हा शब्द एकदा समजला की विसरणार नाही. पण कोटेशनच्या मेलमध्ये फरागो लिहिलंस तर परचेसवाली बाई गोंधळणार, तिला रेट, वजन आणि डिस्पॅचची तारीख पाहिजे. तेव्हा असे शब्द स्वतःच्या आनंदासाठी गोळा कर, कुठनं आला ते शोध, मित्राला सांग. वहीत अर्थाशेजारी एक रकाना वाढव, त्यात देवनागरीत उच्चार लिही आणि ठोक्याच्या अक्षराखाली रेघ मार. देवनागरीत इंग्लिश उच्चार बऱ्यापैकी पकडता येतो, ॲ आणि ऑ आपण त्यासाठीच तर घेतलेत.

राहिली पुतणी. अमेरिकेतल्या मोठ्या स्पेलिंग बी मध्ये, जी १९२५ पासनं चालू आहे आणि जिथं भारतीय वंशाची पोरं कायम पुढं असतात, स्पर्धक शब्द ऐकल्यावर लगेच स्पेलिंग सांगत नाही. तो विचारतो, अर्थ काय, कुठल्या भाषेतनं आला, वाक्यात वापरून दाखवा. २०२३ चा शेवटचा शब्द होता 'सॅमोफाइल', वाळूत वाढणारी वनस्पती किंवा राहणारा प्राणी, सुरुवातीला मुका पी. ग्रीक आहे एवढं कळलं की तो पी आपोआप सुचतो, सायकॉलॉजीत असतो तसा. पोरीला असले प्रश्न विचारायला आवडत असेल तर बसव बिनधास्त, आणि घरी तूच शब्द मोठ्यानं वाचून दाखव, तुझाही सराव होईल. नुसत्या याद्या घोकायला लागणार असतील आणि ती कंटाळत असेल तर या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी परत विचार तिला.